सिस्टरनी सांगितलंय

“सिस्टर, इथे सही हवी आहे तुमची.”

एवढंच बोलून त्याने टेबलावर एक कागद ठेवला आणि तो दोन पावलं मागे सरला... साथीचे दिवस होते, अंतर राखायचा नियम होता, म्हणून नव्हे. तिच्याजवळ उभं राहायचं नव्हतं म्हणून! तिला सगळेच सिस्टर म्हणत. मुलं म्हणत, पालक म्हणत, दूधवाला म्हणे, शेजारच्या चर्चमधले फादरसुद्धा म्हणत. तीस वर्षांपूर्वी तिने कॉन्व्हेंटमधल्या जोगिणीचा पांढरा झगा अंगावर घातला त्या दिवसापासून तिचं नावच ते झालं होतं आणि त्यात तिला कधी काही खुपलं नव्हतं. पण ज्याला तिने न्हाऊमाखू घातलं, ज्याने शाळेच्या पहिल्या दिवशी याच फाटकात तिची बाही इतकी गच्च धरली होती की ती सोडवता सोडवता तीच रडली होती, तो तिचा पाठचा भाऊ तिला ‘सिस्टर’ म्हणाला... ‘तुमची’ म्हणाला! त्या करारी बाईच्या काळजात चर्र झालं.

तिने चष्मा लावून कागद वाचला. शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यासाठी अर्ज. विद्यार्थिनी इयत्ता तिसरीतली, म्हणजे त्याची मुलगी, म्हणजे गुंडी. जन्मली तेव्हा सदऱ्याच्या गुंडीएवढी होती म्हणून हे नाव पडलं होतं, आणि पोरगी चालायला लागल्यावर ते दुसऱ्या अर्थानेही शोभायला लागलं होतं. शाळेत ती आत्याला सिस्टर म्हणे आणि मधल्या सुट्टीत आत्या म्हणे. अर्जात कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता : ‘घरगुती’.

आतून अंतःकरण फाटत होतं, पण हात मात्र मुख्याध्यापिकेचा! त्या हाताने सवयीने लाल पेन उचललं आणि ‘विद्यार्थिनी’तली चुकलेली वेलांटी दुरुस्त केली.

“हा शब्द तुला दुसरीतही यायचा नाही,” ती म्हणाली.

तो हसला नाही. “सही,” तो म्हणाला.

“दाखला सोमवारी मिळेल. सोमवारी शाळा उघडतेय, कार्यालय तोवर बंद आहे. आणि आता आलाच आहेस तर एक काम ऐक. एका बाकावर एकच मूल बसवा असा हुकूम आलाय. आपले बाक दोघांचे. साठच्या साठ मधोमध कापून वेगळे करायचेत. बाबांच्या हातचे बाक आहेत... दुसऱ्या सुताराला बोलवू?”

हा डाव होता, हे त्यालाही कळलं आणि तिलाही. त्याने दाराच्या चौकटीवरून नकळत बोट फिरवलं. सुताराचं बोट ते, चौकट दिसली की फिरायचंच.

“उद्या येतो,” तो म्हणाला. “पण दाखला सोमवारी पाहिजे म्हणजे पाहिजे.”

तो गेला आणि सिस्टर खुर्चीत बसून राहिली. हा दाखला एकदा हातातून गेला की मग काय उरणार होतं? सतरा महिन्यांत तो तिच्याशी एक अक्षरही बोलला नव्हता. शाळा बंद असताना फोनवरच्या वर्गात रोज सकाळी अर्धा तास गुंडीचा वाढत चाललेला चेहरा दिसे, तेवढाच एक धागा त्या घराशी उरला होता. सोमवारी तोही तुटणार होता.

आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि ती अठराची. कॉन्व्हेंटमध्ये जायचं तिचं तेव्हाच ठरलं होतं, पेटीसुद्धा भरून झाली होती! तिने पेटी उघडली, कपडे परत कपाटात लावले आणि प्रभूला सांगितलं, जरा थांब, माझ्या भावाला अजून स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नाही. प्रभू आठ वर्षं थांबला. नाडी बांधायला शिकायला भावाने दोनच वर्षं घेतली, पण मग दम्याने त्याची छाती धरली. रात्र रात्र त्याला उशांना टेकवून बसवायचं, त्याचा श्वास मोजायचा... त्या वात्सल्यात तिचं तारुण्य कधी आलं आणि कधी गेलं, तिला कळलंही नाही. त्याला बारा वर्षं झाली, छाती जरा सुधारली, तेव्हा कुठे ती पेटी पुन्हा भरली गेली.

आणि सतरा महिन्यांपूर्वी साथीत बाबांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. त्याच वॉर्डात तिची भावजय परिचारिका होती. एकवीस दिवस ती घरी गेली नव्हती, हॉस्पिटलातच राहत होती, नवऱ्याची आणि लेकीची गाठ फोनवरच पडत होती. बाबांचं आता काही खरं नाही असं डॉक्टरांनी त्या दुपारी सांगितलं, घरच्या एकाच माणसाला दहा मिनिटं आत सोडू म्हणाले. भावजयीने फोन केला तो नवऱ्याला नाही, नणंदेला! त्याची छाती तिलाही ठाऊक होती. त्या हवेत त्याने पाऊल टाकलं तर पुढच्या आठवड्यात त्याच वॉर्डात त्याची खाट लागेल, या भीतीने ती अर्धमेली झाली होती. सांगून तो ऐकायचा नाही, हेही तिला पक्कं माहीत होतं. म्हणून तिने दारावरच्या पहारेकऱ्याला त्याचं वर्णन करून ठेवलं, आणि तो कुणाकडून तरी कळून धावत आला तेव्हा पहारेकऱ्याने काठी आडवी धरली.

“सिस्टरनी सांगितलंय, तुम्हाला आत सोडायचं नाही.”

पहारेकऱ्याच्या लेखी सिस्टर म्हणजे वॉर्डातली परिचारिका. पण घरी बायकोला ‘अगं’ म्हणणाऱ्या नवऱ्याच्या लेखी जगात सिस्टर एकच होती, आणि ती पाच मिनिटांपूर्वी याच दारातून आत गेली होती!

बाबांचे डोळे मिटवून ती बाहेर आली तेव्हा तो दारातच उभा होता, चेहरा रागाने आणि रडण्याने काळवंडलेला.

“बापाच्या शेवटच्या घटकेला मला अडवलंस? तू? ज्याने मला या दारात अडवलं त्याचं तोंड मी जन्मात पाहणार नाही!”

तिला क्षणभर काही समजलं नाही. मग समजलं... आणि खुलासा अगदी जिभेवर आला! तेवढ्यात काचेच्या दारापलीकडे तिला भावजय दिसली. स्टुलावर भिंतीला डोकं टेकून, हातमोजेसुद्धा न काढता, बसल्या जागी तिचा डोळा लागला होता. पलीकडची बाई एकवीस दिवसांनी ज्या घरी परतणार, त्या घराचा दरवाजा एका वाक्याने बंद होणार होता. सिस्टरने जिभेवरचा शब्द गिळला. ती खोटं बोलली नाही... ती काहीच बोलली नाही! दफनाला चारच माणसांना परवानगी होती. बहीणभाऊ खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि दोन वाटांनी परत गेले.

पुढे तिने फादरांपाशी हे सारं निवेदन केलं. “सिस्टर, गप्प बसण्याचंही ओझं असतं. पेलेल?” त्यांनी विचारलं. “फादर, शाळेची घंटा मी वर्षानुवर्षं एकटीने ओढलीय,” ती म्हणाली आणि विषय संपवला.

ठरल्याप्रमाणे अर्जाच्या दुसऱ्या दिवशी तो आला. करवत, पटाशी, हातोडी, सगळं घेऊन आला. तोंडावर मास्क आणि चेहऱ्यावर असा भाव, की बोलायला आलेलो नाही, कापायला आलोय. सिस्टर कॉरिडॉरमध्ये दाराआडच उभी राहिली. बाबांच्या बाकावर करवत चालताना पाहायची तिची छाती होत नव्हती.

पण करवतीचा आवाज येईना. बाक उलटा केल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग हातोडीचे दोन हलके ठोके... आणि मग तो रिकाम्या वर्गात एकटाच हसला!

तिच्याने राहवेना. ती दारात गेली. दोघांच्या बाकाचे दोन सुटे बाक होऊन फरशीवर उभे होते, आणि त्याच्या हातात लाकडाच्या दोन छोट्या पाचरी होत्या.

“खिळा नाहीच एकही,” तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. “नुसत्या पाचरींवर जोडलेत. दारं अरुंद ना... दोघांचा बाक दारातून आत आलाच नसता. एकेकटे आत आणून इथे जोडले त्यांनी. पाचर काढली की सुटा, ठोकली की जोड.”

सिस्टरचा हात छातीवरच्या क्रूसावर गेला. “अरे देवा,” ती म्हणाली, “म्हणजे बाबा बरळत नव्हते!”

“काय?”

“शेवटी मला म्हणाले, त्याला सांग, बाकांना खिळा मारू नको. दोनदा म्हणाले. डॉक्टरांना वाटलं तापात बोलतायत. मलाही तसंच वाटलं रे... आत्ता कळलं मला. शाळा पुन्हा उघडेल, बाक सुटे करावे लागतील, तू येशील... सगळं त्यांना दिसत होतं!”

हातोडी त्याच्या हातात तशीच राहिली. बाप आपल्याला काही न सांगता गेला, हा काटा सतरा महिने त्याच्या हृदयात रुतला होता. काटा निघाला खरा, पण निघताना जखम उघडी करून गेला.

“हे मी ऐकायला हवं होतं,” तो म्हणाला. “स्वतःच्या कानांनी! त्यांच्या तोंडून! ते तुम्ही ऐकलंत, सिस्टर, आणि मी दाराबाहेर उभा होतो.”

आता सांगावं? सांगून टाकावं? तिने खिडकीजवळच्या बाकाकडे बोट केलं आणि कोरड्या आवाजात म्हणाली, “तो डगडगतो.”

“बाक नाही डगडगत. तुमची फरशी खचलीय.”

दोन दिवस तो खाली मान घालून काम करत राहिला. साठ बाकांचे एकशे वीस झाले. जाताना काढलेल्या पाचरींकडे त्याने पाहिलंही नाही. त्या वर्गावर्गात विखुरल्या होत्या. सिस्टरने गुडघ्यांवर बसून एकेक वेचली.

सोमवार उजाडला आणि शाळेच्या आवारात सतरा महिन्यांनी गलका झाला. फरशीवर चुन्याची वर्तुळं आखली होती, प्रत्येक वर्तुळात एक कुटुंब. कुणाचा गणवेश आखूड झालेला, कुणाचे बूट दादाकडून आलेले. मास्कमुळे जिवलग मैत्रिणी एकमेकींना ओळखेनात आणि मग एकदम ओळखून किंचाळल्या. फादरांनी लांबूनच हात उंचावून आशीर्वाद दिला. बेकरीवाला आपल्या जुळ्या मुलींना घेऊन आला. त्यांची आई साथीत गेली होती. तीन पावलांवर उभा राहून तो म्हणाला, “सिस्टर, वेण्या मी घातल्यात. वाकड्या झाल्यात.” सिस्टरने दोन्ही डोकी निरखून पाहिली. “सुंदर झाल्यात,” ती म्हणाली, “आणि उद्या याहून सरळ होतील. या गं पोरींनो, तुमची शाळा तुमची वाट बघत होती!” तिच्या आवाजात असा काही भरवसा होता की पलीकडच्या वर्तुळातल्या एका आजोबांनी उगाचच आपली कॉलर नीट केली.

ताप मोजायला हॉस्पिटलातून एक परिचारिका येणार होती. ती आली. टोपी, मास्क, तोंडापुढे प्लास्टिकची काच, असा सगळा जामानिमा. पण डोळे पाहताच सिस्टर थबकली.

“सकाळी सहाला ऑर्डर आली, ताई,” भावजय म्हणाली. “ह्यांना नुसतं लवकर जायचंय म्हणून सांगून निघाले. गुंडीला तेच आणतील ना?”

दाखल्याचं तिला काहीच माहीत नव्हतं! सिस्टरने मान फिरवली आणि उगाचच एका मुलीच्या दप्तराचा पट्टा घट्ट केला.

भावजयीने मग फाटकावरच्या शिपाईमामांना बजावलं, की वर्तुळांपुढे आखलेली ती चुन्याची पांढरी रेघ ओलांडून एकाही पालकाला आत सोडायचं नाही, कुणी कितीही मोठा असो. मामा तीस वर्षं फाटकावर होते. त्यांना हुकूम पाळायचा म्हणजे उत्सवच वाटे.

आणि तो आला. एका हातात गुंडी, दुसऱ्या हातात लाल शाईने दुरुस्त केलेला अर्ज. गुंडीचे डोळे रडून सुजले होते. “मी नाही जाणार दुसऱ्या शाळेत, नाही म्हणजे नाही,” ती एका सुरात म्हणत होती, आणि तो न ऐकता ताडताड कार्यालयाकडे निघाला. पांढऱ्या रेघेपाशी मामांनी हात आडवा केला.

“थांबा. सिस्टरनी सांगितलंय, पालकांना आत सोडायचं नाही.”

तो जागच्या जागी थिजला. मग सतरा महिने कोंडलेलं सगळं उसळून वर आलं.

“पुन्हा? पुन्हा सिस्टरनी सांगितलंय? त्या दिवशी बापाच्या दारात अडवलं आणि आज लेकीच्या दारात? किती दारं बंद करणार आहे ही बाई मला! बोलवा... बोलवा त्या सिस्टरना!”

मामा गोंधळले. त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

“कुठल्या सिस्टरना बोलवू?” त्यांनी प्रामाणिकपणे विचारलं. “शाळेच्या, की हॉस्पिटलच्या? सांगितलंय ते हॉस्पिटलच्या सिस्टरनी.”

तोंडापुढची काच वर करत त्याची बायको पुढे आली.

“मी सांगितलंय,” ती म्हणाली. “आणि तुम्ही आत्ता काय म्हणालात? बाबांच्या वेळी तुम्हाला कुणी अडवलं असं वाटतंय तुम्हाला?”

“हिने! ताईने!” सतरा महिन्यांनी तो शब्द त्याच्या तोंडून निसटला, तोही रागात.

“अहो, काय बोलताय! मी अडवलं होतं! त्या वॉर्डाची सिस्टर कोण होती? मीच ना! सकाळपासून माझ्या डोळ्यांदेखत चार माणसं गेली होती. पाचवं माझ्या घरचं जात होतं... मला सहावं नको होतं हो! तुमची छाती मला माहीत नाही? मीच सांगून ठेवलं होतं दारावर... तुम्ही मला त्यावरून एका शब्दाने कधी बोलला नाहीत. ताईंशी बोलणं सोडलंत, मला वाटलं दफनाच्या वेळी काही झालं असेल. आणि मला... मला वाटलं, माझा नवरा केवढ्या मोठ्या मनाचा, मला क्षमा करून मोकळा झाला! सतरा महिने मी मनातल्या मनात तुमचे उपकार मानतेय!”

त्याने बायकोकडे पाहिलं, मग हळूहळू मान वळवून रेघेच्या पलीकडे घंटेखाली उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या झग्याकडे पाहिलं. तो झगा किती म्हातारा झाला होता, हे त्याला आज दिसलं.

“तू का नाही बोललीस?” त्याने विचारलं. “एका शब्दाने का नाही बोललीस?”

“तू म्हणालास, ज्याने अडवलं त्याचं तोंड जन्मात पाहणार नाही,” सिस्टर म्हणाली. आवाज खणखणीतच होता, फक्त डोळ्यांतलं पाणी मास्कच्या कडेत जिरत होतं. “तिचं तोंड तुला रोज बघायचं होतं रे. गुंडीलाही बघायचं होतं. माझं काय... माझं तोंड तसंही मास्कमध्येच होतं!”

तो हसायला गेला आणि हमसून हमसून रडायला लागला. बेचाळीस वर्षांचा सुतार, शंभर माणसांदेखत, पांढऱ्या रेघेवर उभा राहून, चार वर्षांचा होता तेव्हा रडला होता तसाच. धावत जाऊन त्याला पोटाशी धरावं म्हणून सिस्टरचे पाय तीनदा उचलले आणि तीनदा नियमाने जमिनीवर टेकले. हातमोजे घातलेल्या हाताने बायकोने त्याचा दंड धरला. त्याने तिच्याकडे पाहिलं... आणि तो हात झटकला नाही. त्यावर आपला हात ठेवला.

“तूही एकटीने सोसलंस,” तो तिला म्हणाला. “मला जगवलंत दोघींनी, आणि मी...”

“बाबा,” गुंडी मध्येच म्हणाली, “घंटा व्हायचीय. मी जाऊ का रडू?”

मोठी माणसं हसली. तिच्या आईने त्यातही तिच्या कपाळावर ताप मोजला आणि मान डोलावली. तो लेकीसमोर उकिडवा बसला. हातातल्या अर्जाकडे, त्यातल्या ‘घरगुती’ या शब्दाकडे त्याने एकदा पाहिलं. मग त्याने कागदाची घडी केली, घडीची घडी केली, पुन्हा घडी केली, आणि तो जाड चौकोन गुंडीच्या तळहातावर ठेवला.

“तुमच्या वर्गात खिडकीजवळचा बाक आहे ना, तो डगडगतो. त्याच्या पुढच्या डाव्या पायाखाली हे सरकव. फरशी खचलीय तिथली.”

“आणि पुन्हा डगडगला तर?”

“तर मला सांग. पण खिळा मारू देऊ नकोस कुणाला.”

गुंडी वर्गाकडे धावली. सिस्टरने दोरी धरली आणि घंटा अशी काही ओढली की चर्चच्या कौलांवरची कबुतरं उडाली. मुलं एकेक करून आत गेली. पालक फाटकाबाहेर जमले, तरी कुणाचा पाय निघेना.

“सिस्टर!” गर्दीतून कुणीतरी हाक मारली, आणि दोघींनी एकदम मागे वळून पाहिलं. बेकरीवाला होता, मुलींचे डबे त्याच्याच हातात राहिले होते. डबे आत गेले. सिस्टर इमारतीच्या पायऱ्या चढू लागली. अजून पाच वर्ग बघायचे होते, हजेरी घ्यायची होती.

“ए ताई!”

या वेळी एकटीच वळली. फाटकाच्या गजांतून तो पाहत होता, डोळे लाल, मास्क हनुवटीवर. बायकोने तो तिथल्या तिथे वर ओढला.

“पाचरी टाकू नकोस हं!” तो मास्कमधून ओरडला. “साथ गेली की बाक पुन्हा जोडायचेत!”

“टाकीन कशी?” ती पायरीवरून म्हणाली. “डब्यात भरून ठेवल्यात. एकशे वीस आहेत, कालच मोजल्या.”